तणनाशक न मारता हरळी आणि लव्हाळा काढला, त्या दोन हंगामांची हकीगत

भाजीच्या जागेत हरळी आणि लव्हाळा दोन्ही असले, की भेटेल तो एकच सांगतो: औषध मारा आणि मोकळे व्हा. मला औषध मारायचं नव्हतं. ज्या मातीत रोज हात घालायचा आणि जिच्यातली पालेभाजी खुडून घरी न्यायची, तिथे तणनाशक नको हे माझं आधीच ठरलं होतं. शिवाय ज्या सामायिक बागेत मला हा तुकडा मिळाला, तिच्या नियमावलीतही रासायनिक फवारणीला बंदी आहे. पूर्ण दोन हंगाम लागले. आता तिथे भाजी उभी आहे. तण अजून निघतं, पण ते माझ्या आवाक्यातलं आहे.

सुरुवात करताना मला माहिती पुष्कळ मिळाली, पण क्रम कुठेच मिळाला नाही. कोणत्या महिन्यात काय करायचं, कुठे थांबायचं, मध्येच सगळं पुन्हा हिरवं झालं तर घाबरायचं की ते तसंच व्हायचं असतं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून हे महिन्यांच्या क्रमाने लिहिते आहे.

तुकडा ताब्यात आला जानेवारीत. वीस फूट बाय तीस फुटांची जागा, बरीच वर्षं पडीक. वरून पाहिलं तर नुसतं एकसारखं गवत. पहिले काही दिवस मी एकही काडी उपटली नाही. फक्त तीन ठिकाणी फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डे घेतले, माती चाळून बाहेर ठेवली आणि खाली काय काय आहे ते पाहत बसले. या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. औत-फावड्याला हात लावण्याआधी तुम्हीही हे कराच.

कुंपणाकडच्या खड्ड्यात हरळी निघाली. हरळी दोन मजल्यांवर पसरते. वर जमिनीला चिकटून धावणाऱ्या वेली, त्यांना पेऱ्यापेऱ्याला मुळं. आणि खाली पांढरट, खवल्यांची, टोकाला अणकुचीदार अशी आडवी खोडं. त्यांतली बहुतेक वरच्या सहा इंचांत होती, पण काही फूटभर खाली गेलेली. एक पेर असलेला तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवीन रोप उभं राहतं.

उताराच्या, ओल धरणाऱ्या बाजूला लव्हाळा. त्याची खूण सोपी आहे. दांडा बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो, लव्हाळ्याचा त्रिकोणी. ओढला तर वरचं पान हातात येतं आणि खालची काळपट गाठ मातीतच राहते. हळूहळू माती सारत गेलं, की त्या गाठीपासून बारीक दोऱ्यासारखं खोड निघून पुढच्या गाठीला जोडलेलं दिसतं, तिच्यापासून पुढच्या. काही साखळ्या माझ्या खड्ड्याच्या भिंतीत शिरून दिसेनाशा झाल्या होत्या. मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ आणि कडेला थोडी आंबुशी, म्हणजे आंबट पानांचं लहान तण.

१९७७ साली तणशास्त्रज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची क्रमवारी लावली, तेव्हा लव्हाळ्याला पहिलं आणि हरळीला दुसरं स्थान दिलं होतं. हे वाचल्यावर माझी छाती दडपली, पण एका अर्थाने धीरही आला. म्हणजे ही माझ्या एकटीच्या नशिबाची गोष्ट नव्हती, आणि जगभर इतक्या लोकांनी यांच्यामागे डोकं लावलंय म्हटल्यावर काही तरी समजलेलं असणारच.

समजलेलं आहे, आणि सगळ्याचा गाभा एकच आहे. बहुवर्षायू तण वरून कापलं की मरत नाही, कारण त्याची शिदोरी जमिनीखाली आहे. कापलेलं तण त्या साठ्यातलं अन्न खर्चून नवी पानं काढतं. पानं लहान असतात तोवर खर्च चालू असतो. ती मोठी झाली की उन्हातून अन्न बनवून खाली परत भरणा सुरू होतो. आपल्याला जे करायचं ते खर्चाच्या काळात, भरणा सुरू व्हायच्या आत. लव्हाळ्याचं म्हणाल तर चार-पाच पानं दिसली की वेळ झाली. तसाच सोडला तर कोंब वर आल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात तो नव्या गाठी धरायला लागतो.

लव्हाळ्याच्या साखळीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. शेंड्याकडची गाठ फुटली की ती मागच्या गाठींना दाबून ठेवते, त्या निजलेल्या राहतात. साखळी तोडली की दाब जातो आणि निजलेल्या गाठीही फुटतात. म्हणूनच एकदा नांगरून किंवा पॉवर टिलर फिरवून सोडलेल्या जागेत लव्हाळा आधीपेक्षा दाट येतो. यावरून अनेक जण ‘लव्हाळ्याला हातच लावू नका’ असा निष्कर्ष काढतात. तो मला पटत नाही. अमेरिकेतल्या अलाबामात झालेले आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. तिथे दर तीन आठवड्यांनी किंवा त्याआधीच पुन्हा मशागत करत राहिल्यावर दोन हंगामांत लव्हाळा संपवता आला. म्हणजे तोडण्यात वाईट काही नाही, तोडून सोडून देण्यात वाईट आहे. फुटलेली प्रत्येक गाठ ही साठा खर्च करणारी गाठ असते. ती पुन्हा श्रीमंत व्हायच्या आत तुम्ही परत जाणार असाल तरच तोडा. माझं पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बांधलेलं आहे.

फेब्रुवारीत कागदपत्रं. आमच्या बागेचा नियम असा, की एक हंगाम पीक न घेतलेला तुकडा समिती परत घेते आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला देते. मला तर पहिला संपूर्ण उन्हाळा जागा झाकून ठेवायची होती. त्यामुळे लेखी परवानगी लागणार होती. सचिवांनी अर्जासोबत तीन गोष्टी मागितल्या: जागेचा हाताने काढलेला आराखडा, कोणत्या महिन्यात काय करणार त्याचं वेळापत्रक, आणि दोन्ही बाजूंच्या तुकडेधारकांचं ‘हरकत नाही’ असं पत्र. प्लास्टिक अंथरणार म्हटल्यावर चौथीही अट आली: ठरलेल्या तारखेला ते उचलून बागेबाहेर नेण्याची हमी. कडेने चर खणायचा तर वाट सामायिक असल्यामुळे त्याची परवानगी वेगळी.

समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते. माझा अर्ज पहिल्या बैठकीत ‘आराखड्यात मापं नाहीत’ म्हणून परत आला, पुढच्या बैठकीत मंजूर झाला. हे थांबणं जिवावर आलं होतं, कारण ऊन चढत होतं आणि मला ते ऊन वाया घालवायचं नव्हतं. तुम्हीही सामायिक जागेत असाल तर अर्ज थंडीतच द्या, आणि आराखड्यात फुटांचे आकडे घाला. मंजुरीच्या पत्राची प्रत तुकड्याच्या पाटीमागे प्लास्टिकच्या पिशवीत लावून ठेवली, कारण उन्हाळाभर ‘ही जागा मोकळी आहे का?’ असं विचारणारे येत राहतात.

थांबण्याच्या काळात एक काम मात्र करता आलं. हरळीची आणि लव्हाळ्याची फुलं विळ्याने कापत राहिले. लव्हाळ्याचं बी फारसं रुजत नाही, पण हरळीचं रुजतं, आणि आजूबाजूच्या गवतांचं तर रुजतंच.

मार्चच्या मध्यावर कुंपणाकडच्या हरळीच्या भागापासून खणणं सुरू केलं. आदल्या आठवड्यात भरपूर पाणी देऊन वाफसा येण्याची वाट पाहिली. हे टाळू नका. कोरड्या मातीत आडवी खोडं तुटतात आणि तुकडे खाली राहतात, चिखलात खणलं तर ढेकळं होतात आणि खोडं त्यांत लपतात. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, अशा ओलीत हरळी लांबच्या लांब अखंड निघते. हत्यार म्हणून फावडं किंवा कुदळ नको, ती कापतात. चार दातांचा खणायचा काटा घ्या. काटा पूर्ण खाली घालायचा, माती उचलून सैल करायची, मग हाताने खोडाचं टोक शोधून ते जिकडे जाईल तिकडे जायचं. एका बाजूला चर उघडा ठेवून पुढे सरकलं, की तुटलेलं टोक चराच्या भिंतीत दिसतं.

शेजारच्या तुकड्यातले आजोबा दोन दिवस माझं काम पाहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘ताई, माझा टिलर घेऊन जा, तासाभरात माती भुसभुशीत करून देतो.’ त्यांचं मन मोडणं जड गेलं. मी त्यांना खड्ड्यातली खोडं दाखवली आणि म्हटलं, ‘आजोबा, यातल्या प्रत्येक पेराचं रोप होतं. टिलरने एकाचे पन्नास होतील आणि मला पन्नासांच्या मागे दर पंधरा दिवसांनी धावता येणार नाही.’ त्यांनी एक खोड हातात घेऊन पेरं मोजली आणि मग स्वतःचा काटा घेऊन आले. त्या आठवड्यात कडेची पूर्ण रांग त्यांनीच काढून दिली.

हे खणणं अंगमेहनतीचं आहे, याबद्दल कुणी गोड बोलत असेल तर विश्वास ठेवू नका. कंबर धरते, मनगटं दुखतात, आणि संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर चादरीएवढी जागा झालेली असते. मी सकाळच्या उन्हाआधीचे दोन तास एवढंच काम ठेवलं. शेवटच्या मोठ्या पट्ट्यासाठी एका माणसाची मदत मजुरी देऊन घेतली. सगळ्या खर्चात ही मजुरीच मोठी ठरली; त्याखालोखाल काटा आणि प्लास्टिक. न पिकवलेल्या हंगामाचं जागेचं भाडंही भरावं लागलं, त्यात सवलत नव्हती. पुठ्ठे फुकट मिळाले.

काढलेली हरळी टाकायची कुठे, हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, तो आधी विचारायला हवा. कच्च्या खतखड्ड्यात टाकली तर ती तिथेच वाढते आणि खतासोबत परत येते. मी ती जुन्या पत्र्यावर पसरून कडक उन्हात आठवडाभर ठेवली, मधून मधून उलटली. खोड वाकवल्यावर ‘कट्’ आवाज करून मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून जीव आहे. लव्हाळ्याच्या गाठींना याहून जास्त वेळ लागतो. एक-दोन गाठी फोडून पाहायच्या. आत पांढरी ओलसर असेल तर ती जिवंत आहे. उन्हाची खात्री नसेल तेव्हा झाकणाच्या बादलीत पाणी भरून सगळं त्यात बुडवायचं आणि पूर्ण कुजेपर्यंत महिना-दोन महिने विसरून जायचं. वास भयंकर येतो, म्हणून बादली माणसांच्या वाटेपासून लांब. ते पाणी पातळ करून झाडांना देता येतं.

हरळीसाठी कडेचा चरही याच काळात झाला. आपण आतली कितीही काढली तरी कुंपणापलीकडून ती धावत येतेच. सव्वा फूट खोल चर काढून त्यात जाड प्लास्टिकची पट्टी उभी बसवली, वरची कड जमिनीबाहेर दोन-तीन इंच राहील अशी. वरून उडी मारणाऱ्या वेली मग नजरेला पडतात आणि कात्रीने कापता येतात. माझ्या मते हरळीच्या बाबतीत निम्मं यश या कडेत आहे.

एप्रिल-मे हे लव्हाळ्याच्या भागासाठी राखून ठेवले होते. तिथे प्लास्टिक अंथरून माती उन्हाने तापवायची होती. ही पद्धत इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली, तीही मुळात मातीतल्या रोगकारक बुरशींसाठी. जमीन सपाट करायची, ढेकळं फोडायची, खोलवर पाणी द्यायचं आणि पारदर्शक प्लास्टिक मातीला घट्ट चिकटेल असं अंथरून चारही कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवडे, वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात. ओली माती उष्णता खाली नेते, कोरडी नेत नाही. म्हणून पाणी हवंच. प्लास्टिक आणि माती यांच्यात हवेची पोकळी राहिली तर तापमान पडतं.

इथे पुष्कळ जण काळं प्लास्टिक घेतात. ताप जास्त हवा असेल तर पारदर्शकच घ्या, कारण त्यातून ऊन थेट मातीवर पडतं. काळं प्लास्टिक स्वतःच तापत राहतं. लव्हाळ्यासाठी आणखी एक कारण आहे आणि ते मला फार विलक्षण वाटलं. अंधारात वाढणारा लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार राहतो आणि काळं प्लास्टिक सरळ भोसकून वर येतो. पारदर्शक प्लास्टिकखाली त्याला उजेड मिळतो, म्हणून तो तिथेच पानं पसरतो, आणि पसरलेली पानं प्लास्टिकला भोक पाडू शकत नाहीत. माझ्या प्लास्टिकखाली मे महिन्यात पिवळ्या, भाजलेल्या पानांची गिचमीड दिसायची. रोज सकाळी मी ती बघायला जायचे आणि समाधान वाटायचं.

पण या उपायाची मर्यादा स्पष्ट सांगते. वरच्या दोन इंचांत तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकतं, पण खाली ते भराभर उतरतं, आणि सहा-आठ इंचांवरच्या गाठी त्यातून वाचतात. लव्हाळा यातून संपत नाही. वरच्या थरातला मोठा वाटा जातो आणि खालच्या गाठी उबेने जाग्या होऊन खर्चाला लागतात. तुमच्याकडे ऊन मवाळ असेल किंवा ढगाळ दिवस जास्त असतील तर ही पद्धत सोडून द्या. माती तापवल्यावर उपयोगी जीवही कमी होतात, म्हणून नंतर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालावं. आणि प्लास्टिक वेळेवर काढा. उन्हाने ते ठिसूळ झालं की त्याचा चुरा मातीत मिसळतो आणि तो कधीच पूर्ण निघत नाही. मी जरा जाड घेतलं होतं, ठरल्या तारखेच्या आधी उचललं, धुऊन गुंडाळलं आणि दुसऱ्या वर्षी छोट्या भागावर पुन्हा वापरलं.

मधल्या सरमिसळ पट्ट्यावर पुठ्ठे टाकले. चिकटपट्ट्या आणि चकचकीत छपाईचे भाग काढून, एकमेकांवर सहा इंच चढवून, भिजवून, वर वीतभर पालापाचोळा. हरळीला सावली सोसत नाही, त्यामुळे ती खाली पांढरी पडत गेली. लव्हाळा मात्र ओल्या पुठ्ठ्यातून सहज वर आला. पुठ्ठ्याला वाळवीही लागते. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी लाकडी खांब, मांडव वगैरेंजवळ पुठ्ठा अंथरू नये. लव्हाळा असलेल्या ठिकाणी माझी पुठ्ठ्याची शिफारस नाही. हरळी आणि साध्या गवतासाठी मात्र डोळे मिटून करा.

व्हिनेगर आणि मीठ यांचा सल्लाही मला फार मिळाला. व्हिनेगरने पानं जळतात, खालच्या साठ्याला काही होत नाही. मिठाने तर मातीच बिघडते, आणि मीठ भाजी आणि तण यांच्यात फरक करत नाही. भाजीच्या जागेत मीठ टाकणं मला तणनाशकापेक्षा वेगळं वाटत नाही. उकळतं पाणी फरशांच्या फटींत ठीक आहे, वाफ्यात नाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि दहा-बारा दिवसांत सगळी जागा हिरवी झाली. खणलेल्या भागात हरळीचे विखुरलेले कोंब, तापवलेल्या भागात लव्हाळ्याच्या पोपटी सुया. इतक्या महिन्यांनंतर हे पाहिल्यावर रडूच आलं. तुमच्याही जागेत हे होणार आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: या वेळी सोडून देऊ नका. नीट पाहिलं तर कोंब बारीक होते. उपटलेल्या लव्हाळ्याखाली लांब साखळीऐवजी एकेकटी सुटी गाठ येत होती. म्हणजे साठा आटत चालला होता. सगळ्यात महत्त्वाचं काम इथून पुढचं आहे.

त्या पावसाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. निम्म्या जागेत ताग दाट पेरला, उरलेल्यात चवळी. लवकर उगवणारं, जमीन झाकून टाकणारं पीक हवं, कारण हरळी आणि लव्हाळा दोघंही उन्हावर जगतात. दाट ताग कमरेएवढा झाला की खालचा लव्हाळा उंच, फिकट आणि लुळा होतो. तागाला फुलं धरायला लागली तेव्हा कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरला. समितीच्या कागदावर हे ‘पीक’ म्हणून नोंदलं गेलं, त्यामुळे पडीक जागेचा प्रश्नही मिटला. तुमच्या नियमावलीत हिरवळीचं खत पीक धरतात का, ते आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे फेरी. दर आठवड्याला जायचं ठरवलं, कधी पावसामुळे दहा-बारा दिवस झाले, पण तीन आठवडे कधीच होऊ दिले नाहीत. ओल्या मातीत अरुंद, लांब पात्याचं खुरपं कोंबाशेजारी उभं खुपसायचं, माती किंचित उचलायची आणि कोंब गाठीसकट काढायचा. गाठ आली तर उत्तम. नाही आली तरी पानं गेली, म्हणजे गाठीला पुन्हा खर्च करावा लागणार. एका गाठीवर अनेक डोळे असतात, त्यामुळे तीच गाठ पुन्हा पुन्हा फुटते. दर वेळचा कोंब आधीच्यापेक्षा बारीक असतो. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ या कामाला सर्वांत चांगली. सोबत बादली ठेवायची, काढलेलं काहीही वाफ्यात किंवा वाटेवर टाकायचं नाही. आंबुशीच्या बाबतीत तर कोंबाभोवतीची मूठभर मातीच उचलायची, कारण गुलाबी फुलांच्या आंबुशीचे बारीक कंद हलवल्याबरोबर सुटून पसरतात.

ऑक्टोबरात पहिली भाजी. इथे निवड फार महत्त्वाची आहे. बी पेरून हळू वाढणाऱ्या आणि सावली न करणाऱ्या भाज्या पहिल्या वर्षी घेतल्या नाहीत: कांदा, लसूण, गाजर, कोथिंबीर. त्यांच्या ओळींत तण वाढतं आणि खुरपं घालायला जागा राहत नाही. वेल पसरवणारा भोपळा लावला, मोठी रोपं करून वांगी लावली, आणि लव्हाळ्याच्या भागात रताळी. रताळ्याचा वेल जमीन झाकतो, आणि काढणीच्या वेळी तीच जागा आपोआप पुन्हा फूटभर खणली जाते, तेव्हा राहिलेल्या गाठी वेचता येतात. पाणी नळीने सगळीकडे न फवारता ठिबकने रोपाच्या बुंध्याशी दिलं. मोकळी जागा कोरडी राहिली की तिथे तणही कमी उगवतं.

दुसऱ्या वर्षी खणणं जवळजवळ नव्हतंच. हरळी फक्त कडेने येते. प्लास्टिकच्या पट्टीवरून झुकलेल्या वेली महिन्यातून एकदा कापते. लव्हाळा उताराच्या कोपऱ्यात टिकून होता. पाणी साठतं म्हणून तिथे माती चढवून गादीवाफा केला आणि पाण्याला वाट काढून दिली. ओल कमी झाल्यावर तिथलं दृश्य बरंच बदललं. याच काळात आणखी एक शिस्त लावून घेतली. रोपवाटिकेतून आलेली प्रत्येक कुंडी आधी बाजूला ओतून पाहायची. दोनदा त्यात लव्हाळ्याची गाठ सापडली. विकतचं शेणखतही आधी एका ढिगात ओलं करून दोन-तीन आठवडे ठेवते. जे उगवायचं ते तिथेच उगवतं आणि वाफ्यात जात नाही.

ज्यांची जागा मोठी आहे त्यांनी सगळीकडे एकदम हात घालू नये. जेवढ्या भागात दर आठवड्याला फेरी मारणं शक्य आहे तेवढाच उघडा. बाकीचा जाड ताडपत्रीखाली झाकून ठेवा किंवा नुसता कापत राहा, फुलावर येऊ देऊ नका. माझ्यासारखं एकटीने काम करणाऱ्याला वीस बाय तीस ही जागाही भरपूर झाली.

उताराचा तो कोपरा मी या हंगामापर्यंत कांद्यासाठी उघडला नव्हता. आता तिथे कांद्याची रोपं लावली आहेत. दोन ओळींत खुरप्याचं पातं आडवं फिरेल एवढं अंतर ठेवलंय, आणि रविवारी सकाळी बादली घेऊन त्या ओळींत बसते. गेल्या फेरीला लव्हाळ्याचे मोजकेच कोंब निघाले, तेही दोन-तीन पानांचे.